ठाणे, डोंबिवली, कल्याण : ठळक अक्षराच्या तीन परीक्षा

फॉन्ट कसा आहे हे पाहण्यासाठी इंग्रजीत एक ठरलेले वाक्य आहे. चपळ तपकिरी कोल्हा आळशी कुत्र्यावरून उडी मारतो, आणि त्या उडीत सव्वीसच्या सव्वीस अक्षरे येऊन जातात. मराठीत असे सर्वमान्य वाक्य नाही. मी माझ्यापुरती सोय केली आहे. नवा ठळक फॉन्ट हाती आला की मी त्यात तीन शब्द जुळवतो : ठाणे, डोंबिवली, कल्याण. कागदावर मोठे छापतो, इमारतीच्या जिन्याजवळच्या भिंतीवर चिकटवतो आणि वीस पावले मागे जाऊन चष्मा काढून पाहतो. शेजाऱ्यांना याची आता सवय झाली आहे.

या तीन शब्दांत मराठी ठळक अक्षराच्या जवळजवळ सगळ्या अडचणी येतात, हे माझ्या लक्षात फार उशिरा आले. आयुष्याची चाळीस वर्षे मी या तीन स्थानकांच्या मध्ये ये-जा करण्यात घालवली. वडील कल्याणात पाट्या रंगवत. मी ठाण्यात आधी खिळे जुळवले, मग डीटीपी केले. म्हणजे एकाच घराने अक्षराचे तीन अवतार हाताळले : ब्रशचे, शिशाचे आणि संगणकाचे. या लेखात जे म्हणायचे आहे ते त्या अनुभवावर बेतलेले आहे. विषय एकच : मोठे, जाड, लक्ष वेधून घेणारे देवनागरी अक्षर. त्याचा स्वभाव काय, ते कुठे शोभते आणि कुठे शोभत नाही.

जाडी आली कुठून?

जाड अक्षराचा जन्म जाहिरातीच्या पोटी झाला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये लॉटरीच्या आणि नाटकांच्या जाहिराती भिंतींवर लागू लागल्या. पुस्तकासाठी घडवलेले नाजूक अक्षर त्या गर्दीत हरवून जाई. तेव्हा रॉबर्ट थॉर्न या ओतारी कारागिराच्या नावाशी जोडले जाणारे 'फॅट फेस' अक्षर पुढे आले. त्याची युक्ती साधी होती. उभे दांडे फुगवायचे, अगदी उंचीच्या निम्म्यापर्यंत; आडव्या रेषा आणि टोकांच्या सेरिफ मात्र केसासारख्या बारीक ठेवायच्या. सेरिफ म्हणजे अक्षराच्या टोकाला दिलेली छोटी आडवी टाच. यामुळे अक्षर काळे दिसते, पण बुजत नाही, कारण जाडी एकाच दिशेला वाढलेली असते.

लॅटिन लिपीला हे परवडते. तिची बरीचशी मोठी अक्षरे उभ्या दांड्यांवर उभी आहेत. देवनागरीची गोष्ट वेगळी आहे. आपले अक्षर शिरोरेषेला टांगलेले असते. त्याला काना आहे, तशाच गाठी आहेत, वाट्या आहेत, आडवे छेद आहेत. वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार. खाली उकार, ऋकार. शिवाय बोरूचा काप लॅटिन कलमाच्या कापापेक्षा उलट्या बाजूला तिरपा असतो, त्यामुळे जाड-बारीक कुठे व्हायचे याचा हिशेबही उलटा. लंडनची युक्ती जशीच्या तशी इकडे आणली की अक्षर मराठी बोलत नाही, परक्या उच्चारात मराठी वाचते.

आपल्याकडे ठळक अक्षराला स्वतःची परंपरा नव्हती असे नाही. जावजी दादाजी चौधरी यांनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला आणि राणोजी रावजी आरू यांच्यासारख्या कारागिराच्या हातून देवनागरीचे जे खिळे घडले, त्यांनी मराठी वाचकाच्या डोळ्याला पुढच्या कित्येक पिढ्यांचे वळण लावले. त्याच्या तीनच वर्षे आधी, १८६६ मध्ये, ठाण्यातून 'अरुणोदय' हे साप्ताहिक निघू लागले होते. आपल्या गावांचा छापील अक्षराशी असलेला संबंध तितका जुना आहे. पण खिळ्यांतले मथळ्याचे जाड अक्षर हे बहुतेक वेळा पुस्तकी अक्षराचे फुगवलेले भावंड असे. बापूराव नाईकांनी १९७१ मध्ये देवनागरी मुद्राक्षरांवर तीन खंडांचा जो इंग्रजी ग्रंथ सिद्ध केला, तो चाळताना देवनागरी खिळ्यांची अडचण किती गुंतागुंतीची होती हे कळते. एकेका संचात शेकडो खिळे लागत. त्यात शीर्षकांसाठी पुन्हा वेगळा, मुळापासून विचार केलेला संच घडवणे छापखान्याला परवडणारे नव्हते.

म्हणून मराठीत खरे ठळक अक्षर घडले ते खिळ्यांत नाही, हाताने. नाटकांच्या जाहिरातींत, पुस्तकांच्या आणि दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर आणि दुकानांच्या पाट्यांवर. २०२० मध्ये गेलेले कमल शेडगे यांनी नाटकांची जी शीर्षके रेखाटली ती आठवून पाहावीत. नाटक विनोदी की पौराणिक की रहस्याचे, हे नाव वाचण्याआधीच अक्षर सांगत असे. त्यांचे जाड अक्षर कधी बुजले नाही, कारण ते त्या एका शब्दापुरतेच जन्माला येई. शेजारी कोणते अक्षर आहे हे पाहून दांडा आखडता येई, वेलांटी लांबवता येई.

फॉन्टला ही मुभा नाही. फॉन्टमधल्या 'ल'ला कोणाच्या शेजारी बसावे लागेल हे घडवताना ठाऊक नसते. त्याला सगळ्यांशी जमवून घ्यावे लागते. हाताचे अक्षर हे घरचे जेवण, तर फॉन्ट ही खानावळ. दोघांना एकाच मापाने तोलणे अन्यायाचे आहे. पण खानावळीचेही बरे-वाईट असतेच.

तीन नावे, तीन परीक्षा

आता माझ्या तीन शब्दांकडे येतो.

'ठाणे'. सुरुवातीला 'ठ'चे वर्तुळ, पूर्ण बंद. मग काना. मग 'ण', ज्यात पुन्हा दोन उभे दांडे. म्हणजे एका गोलानंतर ओळीने तीन खांब. फॉन्ट घडवणाऱ्याने नुसते दांडे फुगवले असतील तर शब्दाचा उजवा भाग कुंपणासारखा दिसतो आणि 'ठ' एकटा, पोकळ, बाजूला पडतो. चांगल्या ठळक फॉन्टमध्ये दांड्यांमधले पांढरे अंतर आणि 'ठ'च्या पोटातले पांढरे यांचा तोल साधलेला असतो. ही अंतराची परीक्षा.

'डोंबिवली'. ही सगळ्यात कठीण. पहिल्याच अक्षरावर मात्रा आणि तिच्यावर अनुस्वार. जाड मात्रा आणि जाड टिंब एकमेकांना चिकटली की वर नुसता डाग उरतो. पुढे 'बि' आणि लगेच 'व'. या दोन अक्षरांत फरक एकाच तिरप्या छेदाचा. अक्षर जाड होऊ लागले की सगळ्यात आधी बुजते ते 'ब'चे पोट, कारण छेदाने आधीच त्याचे दोन तुकडे केलेले असतात. वीस पावलांवरून कित्येक फॉन्टमध्ये मला 'डोंविवली' दिसली आहे. गावातल्या माणसाला ती खपते, कारण तो वाचत नाही, ओळखतो. नवख्या माणसाला अक्षरावरच विसंबावे लागते. ही पोकळीची परीक्षा.

'कल्याण'. येथे जोडाक्षर आहे, आणि 'ल' आहे. मराठीचा 'ल' पाकळ्यांचा. मधल्या देठाला दोन बाजूंना दोन पाकळ्या. हिंदी वळणाच्या 'ल'ला उजवीकडे दांडा असतो, त्यामुळे तो अर्धा करणे सोपे : दांडा गाळला की झाले. पाकळीच्या 'ल'ला गाळायला दांडाच नाही. उजवी पाकळी आवळून ती 'य'ला अलगद टेकवावी लागते. जाड अक्षरात हे करायला जागा कमी आणि श्रम जास्त. म्हणून बहुतेकजण हिंदी वळण घेऊन मोकळे होतात. ही वळणाची परीक्षा.

राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' ही रूपे प्रमाण मानली. शाळेत मुले तीच गिरवतात. बाहेर रस्त्यावर मात्र जितके अक्षर मोठे आणि जाड, तितका हिंदी वळणाचा 'ल' दिसण्याचा संभव अधिक. काही चांगल्या युनिकोड फॉन्टमध्ये मराठी रूपे आत दडलेली असतात. मजकुराची भाषा मराठी आहे असे संगणकाला सांगितले की ती वर येतात. पण ते सांगणार कोण? पाटी घाईत बनते.

चार फॉन्ट, चार स्वभाव

गेल्या दहा-बारा वर्षांत देवनागरीसाठी मुळापासून घडवलेले ठळक फॉन्ट आले, आणि मुक्त परवान्यामुळे ते कोणालाही फुकट मिळतात. त्यांतल्या चारांबद्दल लिहितो.

इंडियन टाइप फाउंड्रीचा 'रोझा वन' हा लंडनच्या त्या फॅट फेसचा थेट वारस. जाड भाग अतिशय जाड, बारीक भाग अतिशय बारीक, आणि लॅटिन व देवनागरी एकाच कुळातली दिसावीत असा आग्रह. मोठ्या आकारात, भरपूर मोकळ्या कागदावर तो देखणा दिसतो. मासिकाचे पान, सराफाची जाहिरात, नाटकाचे भित्तिपत्र येथे त्याला मुजरा करावा. पण त्याच्या बारीक रेषा हीच त्याची मर्यादा. लहान आकारात, हलक्या छपाईत किंवा दुरून त्या रेषा विरतात आणि नुसते काळे ठोकळे उरतात. तो सणाचा पोशाख आहे, रोज घालायचा नाही.

एक टाइपचा 'मोदक', सारंग कुलकर्णी यांच्या हातचा, वेगळ्या वाटेने जातो. येथे सेरिफ नाही, जाड-बारीक नाही. अक्षर इतके फुगवले आहे की पोटातली पोकळी केसाएवढ्या फटीवर येते, आणि गंमत अशी की ती फट अशा ठिकाणी ठेवली आहे की अक्षर तरीही ओळखू येते. देवनागरी किती जाड होऊ शकते याचा तो प्रयोगच आहे. मुलांच्या पुस्तकाला, फराळाच्या डब्याला छान. त्यात कोणी न्यायालयाची नोटीस छापली तर चूक फॉन्टची नाही.

त्याच घराचा 'बालू' याहून व्यवहारी. गोलाई तीच, पण पोट मोकळे. माझ्या भिंतीवर 'ब' आणि 'व' यांत त्याने घोटाळा केला नाही. मला तो थोडा जास्त गोड वाटतो. प्रत्येक गोष्ट हसतमुखाने सांगणाऱ्या विक्रेत्यासारखा.

चौथा आमच्या अगदी जवळचा, आणि म्हणूनच मी त्याच्याबद्दल सर्वांत जास्त विचार केला : 'यात्रा वन'. कॅथरीन ली श्मिट यांनी हा फॉन्ट घडवला तो मुंबईच्या लोकल रेल्वेवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ३४ किलोमीटर धावून ठाण्याला आली, पुढच्या वर्षी रुळ कल्याणला पोचले, आणि त्या रुळांच्या कडेने पिढ्यान्‌पिढ्या रंगाऱ्यांनी जे अक्षर वळवले, त्याचा हा फॉन्ट. त्यात ब्रशचा तिरपा काप टिकला आहे. विशेष म्हणजे त्यातली लॅटिन अक्षरे देवनागरीच्या कलमाच्या कोनाने घडवली आहेत. एरवी आपली लिपी लॅटिनच्या मापाचा सदरा घालते. येथे पाहुण्यानेच धोतर नेसले आहे. हा नुसता तांत्रिक तपशील नाही. दोन लिप्या शेजारी बसतात तेव्हा कोणी कोणासाठी सरकायचे याचे ते उत्तर आहे.

तक्रार एकच. यात्रा वन सध्या मला भेटतो तो हॉटेलच्या मेनूकार्डावर आणि 'मुंबईची आठवण' म्हणून विकल्या जाणाऱ्या कपांवर. फलाटावर जे अक्षर दिशा दाखवत होते, ते आता वातावरण निर्माण करते. अक्षर मरत नाही हे चांगलेच. पण काम सुटलेल्या माणसाला समारंभात पुढच्या खुर्चीवर बसवावे, तसे काहीसे ते वाटते.

फ्लेक्सचे अक्षर

आणि काम कोण करते? फ्लेक्स. डोंबिवलीत १९९९ पासून गुढीपाडव्याला नववर्ष स्वागतयात्रा निघते. त्या सकाळी फडके रोडवर उभे राहून वर पाहिले की ठळक मराठी अक्षराचे प्रदर्शनच दिसते. ठाण्यात जांभळी नाका आणि कल्याणात शिवाजी चौक याला अपवाद नाहीत.

या बहुतेक फलकांवर वर सांगितलेले फॉन्ट नसतात. दुकानातला संगणक जुना, त्यातले सॉफ्टवेअर जुने, आणि फॉन्ट युनिकोडपूर्व काळातले. नवा फॉन्ट फुकट असला तरी त्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरे नीट उमटत नाहीत, म्हणून तो कोणी वापरत नाही. मग ठळकपणा आणतात तो बाहेरून. अक्षराभोवती पांढरी कड, तिच्याभोवती लाल कड, खाली सावली. जागा उरली तर शब्द आडवा ताणतात. कड आतल्या बाजूलाही चढते, पोकळी बुजते, अनुस्वार मात्रेत जातो. ज्याला आपण ठळक अक्षर म्हणतो ते मुळात साधे अक्षर असते, फक्त त्याच्यावर तीन कोट चढवलेले असतात.

वडील गेले तेव्हा आमच्या वसाहतीतल्या मुलांनी प्रेमाने चौकात फलक लावला. 'भावपूर्ण श्रद्धांजली'. लाल कडा, पिवळी सावली, शब्द ताणून पूर्ण रुंदीत बसवलेला. 'द्धां'चा एक काळा गोळा झाला होता. आदल्या आठवड्यात त्याच खांबावर, त्याच अक्षरांत, कोणाच्या तरी वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा होत्या. मी त्या मुलांना काही बोललो नाही. त्यांच्या मनात काही कमी नव्हते. पण ज्या माणसाने खडूच्या दोरीने दोन रेषा मारल्याशिवाय कधी ब्रश उचलला नाही, त्याचे नाव शेवटी असे लिहिले गेले. ते मला नेहमी म्हणत, "आधी अक्षराचं पोट बघ, मग अक्षर. पोट मिटलं की अक्षर मेलं." मी तेव्हा खिळे जुळवत होतो आणि मला ते जुन्या माणसाचे बोलणे वाटे. फॉन्टवरच्या इंग्रजी पुस्तकांत पोकळीचे हेच महत्त्व मी पुढे वाचले.

त्या दिवशी मला पटले की ठळकपणा आणि मोठा आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शोकाचे अक्षरही मोठे असू शकते, काळे असू शकते. ते फक्त स्तब्ध हवे : कडा नकोत, सावली नको, ताण नको, भोवती पांढरी जागा हवी. शुभेच्छा आणि श्रद्धांजली एकाच अक्षरात लिहिणारे गाव हळूहळू दोन्ही वाचेनासे होते.

कायदा आकार मोजतो

शेवटचा मुद्दा पाट्यांच्या कायद्याचा. दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली. मराठी आधी हवी, आणि तिच्या अक्षरांचा आकार इतर लिपीपेक्षा लहान नको. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना पालनासाठी दोन महिने दिले. त्यानंतर ठाण्यातल्या गोखले रोडवर आणि राममारुती रोडवर पाट्या बदलताना मी पाहिल्या आणि आनंदलो.

आनंद थोडा थांबून पाहिल्यावर ओसरला. कायद्याने आकार मोजला, जाडी नाही. इंग्रजी नाव ब्रँडच्या जाड, उठावदार, प्रकाशित अक्षरांत. मराठी नाव त्याच उंचीचे, पण काडीसारखे बारीक, एका रंगात, जणू हजेरी लावून निघून जाणारे. शिवाय एकाच मापात देवनागरी मुळातच लहान दिसते, कारण त्या मापातली बरीच उंची वरच्या मात्रा आणि खालचे उकार घेतात. मुख्य अक्षराच्या वाट्याला मधला पट्टा उरतो. इंग्रजी मोठ्या लिपीतली अक्षरे मात्र अख्खी उंची व्यापतात. म्हणजे नियम पाळूनही मराठी मागे राहते, आणि कोणाला दोषही देता येत नाही.

माझे म्हणणे असे नाही की कायद्यात आता जाडीचेही कलम घालावे. पट्टी घेऊन दांडे मोजणारा निरीक्षक कोणाला हवा आहे? पण पाटी करून घेणारा दुकानदार, ती बनवणारा कारागीर आणि फलक लावणारे मंडळ यांना तीन गोष्टी नक्की विचारता येतील. शेजारच्या इंग्रजी अक्षराइतका काळेपणा मराठीला मिळाला आहे का? वीस पावलांवरून 'ब' आणि 'व' वेगळे दिसतात का? 'ल' आणि 'श' आपल्या शाळेतले आहेत का? तिन्हींचे उत्तर 'हो' आले तर फॉन्ट कोणताही असो, पाटी चांगली आहे.

कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. छापील अक्षरावर इतका जुना जीव असलेल्या या पट्ट्यात रस्त्यावरच्या अक्षरासाठीही थोडा जीव उरला असावा असे मला वाटते. गेल्या महिन्यात आमच्या इमारतीची नवी पाटी करायची ठरली. फ्लेक्सच्या दुकानातल्या मुलाला मी तीन शब्द छापून दाखवले आणि वीस पावले मागे नेले. त्याने डोळे बारीक करून पाहिले आणि म्हणाला, "काका, डोंविवली दिसतंय." मग त्याने स्वतःच कडा काढल्या, सावली काढली, अक्षरांत थोडे अंतर वाढवले. पाटी लागली आहे. 'ल' अजून हिंदी वळणाचाच आहे. मजकुराची भाषा मराठी कशी निवडायची ते त्याने कागदावर लिहून घेतले आहे.